खोडलेल्या ओळींचा हिशेब

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत नोकरी करते. गेली सात वर्षे मी कथा लिहीत आहे. पहिल्या दोन वर्षांत मी अकरा कथा लिहिल्या. त्यांपैकी दोन दिवाळी अंकांत छापून आल्या आणि घरी व बँकेत माझे कौतुकही झाले. त्यानंतर मात्र गती मंदावली. गेल्या वर्षभरात एकच कथा पूर्ण झाली आणि तीही मला चार वेळा नव्याने लिहावी लागली. पाठविलेल्या कथा बहुधा ‘साभार परत’ येतात, काहींचे तर उत्तरही येत नाही. या उन्हाळ्यात माळ्यावरच्या जुन्या वह्या काढून छापून आलेली पहिली कथा वाचली, तेव्हा इतकी लाज वाटली की वह्या तशाच बांधून पुन्हा वर टाकल्या. जे वाईट होते ते छापले गेले आणि जे आज जीव ओतून लिहिते ते परत येते, तर मी पुढे चालले आहे की मागे? लेखक म्हणून आपण वाढतो आहोत की नाही, हे ज्याचे त्याने कशावरून ओळखावे?
— एक वाचक, जि. अकोला

उत्तर : तुमच्या पत्रातील एका वाक्यावर माझी नजर सर्वांत आधी थांबली : ‘तीही मला चार वेळा नव्याने लिहावी लागली.’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. पहिल्या दोन वर्षांतील अकरा कथांपैकी किती कथा तुम्ही दुसऱ्यांदा लिहिल्या होत्या, हे आठवून पाहा. माझा अंदाज असा की त्या वेळी तुम्ही खर्डा करीत होता आणि त्याचीच सुवाच्य अक्षरात पक्की प्रत काढीत होता. त्या दोहोंमध्ये फरक असलाच तर शब्दांचा असेल. तेव्हा एका ओळीपाशी थांबण्याचे कारणच तुम्हाला दिसत नव्हते. आज तीच ओळ लिहिताना हे कोण पाहत आहे, हे आत्ताच सांगावे की पुढे, हे या बाईच्या तोंडी शोभेल का, असे प्रश्न उभे राहतात आणि प्रत्येक प्रश्नाला वेळ लागतो.

तथापि, मंद गती हा काही वाढीचा पुरावा नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. माणूस भीतीनेही मंदावतो, थकव्यानेही मंदावतो, आणि दिवसभर कॅश मोजून घरी आल्यावर रात्री लिहायला बसणाऱ्याच्या बाबतीत तर ते अगदी स्वाभाविक आहे. यातला फरक ओळखण्याचा मला ठाऊक असलेला मार्ग एकच आहे. त्या एका कथेचे चारही खर्डे समोर घ्या आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत नेमके काय बदलत गेले ते पाहा. चारही वेळा केवळ विशेषणे बदलली असतील, ‘उदास’च्या जागी ‘खिन्न’ आणि ‘खिन्न’च्या जागी पुन्हा ‘उदास’ आले असेल, तर ती भीती आहे. परंतु दुसऱ्या खर्ड्यात सुरुवातीची दोन पाने गळली असतील, तिसऱ्यात कथा मुलाऐवजी आजीच्या नजरेने सांगितली गेली असेल, चौथ्यात शेवटचा संवादच अनावश्यक ठरला असेल, तर तुम्ही कथेकडे चार वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिले आहे. सात वर्षांपूर्वी तुमच्यापाशी त्यांपैकी एकच ठिकाण होते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की त्या वह्या माळ्यावरून पुन्हा खाली काढा. या वेळी त्यांतल्या कथा वाचू नका, खोडलेल्या ओळी वाचा. मी अनेक वर्षे दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचण्याचे काम केले आहे. हस्तलिखिते येत असत त्या काळात मला छापण्याजोग्या ओळींइतकेच खोडलेल्या ओळींतूनही लेखकाविषयी कळत असे. माझ्या स्वतःच्या चोविसाव्या वर्षीच्या वहीत ‘सूर्य मावळला’ हे वाक्य खोडून त्यावर ‘भास्कर अस्ताचलास गेला’ असे लिहिलेले आहे. ती सुधारणा आहे अशी तेव्हा माझी खात्री होती. त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी त्याच कथेवर पुन्हा काम करताना मी सूर्यास्ताचा संपूर्ण परिच्छेद काढून टाकला, कारण स्थानकावर शेवटच्या एसटीची वाट पाहणाऱ्या त्या बाईचे लक्ष आकाशाकडे असणेच शक्य नव्हते, ती फाटकातून आत वळणाऱ्या दिव्यांकडे पाहत असणार. पहिल्या वेळी मी शब्द खोडला होता. दुसऱ्या वेळी जे खोडले, ते माझे स्वतःचे हौशी पाहणे होते आणि त्या जागी पात्राचे पाहणे आणले होते. माझी वाढ झाली असेल तर ती या दोन खोडण्यांच्या मधल्या अंतरात आहे, आणि ते अंतर छापील पानावर कोणालाच दिसत नाही.

बहुतेकांच्या वह्यांत हा प्रवास साधारण असाच दिसतो. आरंभी लेखक ऱ्हस्वदीर्घ आणि शब्द दुरुस्त करतो, मग वाक्ये, पुढे परिच्छेदच्या परिच्छेद हलवू किंवा गाळू लागतो, आणि त्यानंतर केव्हातरी कथा सांगणारा कोण असावा या प्रश्नापर्यंत पोहोचतो. हे टप्पे ओळीने येत नाहीत, मागेपुढे होतात. पण सात वर्षांनंतरही एखाद्याचे सारे खोडणे शब्दांपाशीच थांबलेले असेल, तर ते काळजीचे लक्षण मी मानीन.

आता मराठीपुरत्या काही खुणा सांगतो, कारण वाढ ही शेवटी भाषेत दिसावी लागते. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. त्यामुळे भूतकाळातील निवेदनाचा परिच्छेद सहजच ‘होता, होती, होते’ यांनी भरून जातो. ‘अंगणात लिंबाचे झाड होते. झाडाखाली बाज होती. बाजेवर म्हातारा बसला होता.’ नवशिक्या लेखकाला हा ठेका ऐकूच येत नाही. मध्यंतरी तो ऐकू येऊ लागतो आणि मग लेखक घाबरून प्रत्येक ‘होता’ काढून टाकतो, वाक्ये उलटीपालटी करतो, क्रियापद मध्येच आणतो आणि गद्य कृत्रिम होते. त्यानंतरचा लेखक म्हणतो, ‘अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर म्हातारा बसला होता,’ आणि एक ‘होता’ शांतपणे राहू देतो. तुमच्या पहिल्या कथेतील कोणतेही पान आणि यंदाच्या कथेतील कोणतेही पान घ्या आणि केवळ वाक्यांचे शेवट मोठ्याने वाचा. आपण कोठे आहोत हे कानाला पाच मिनिटांत कळते.

दुसरी खूण त्याहून लहान आहे, परंतु संपादकाच्या ती लगेच लक्षात येते. निवेदनात एका ओळीत ‘केले’ आणि पुढच्या ओळीत ‘केलं’ असे सरमिसळ लिहिले आहे काय? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले, आणि पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे अनुस्वार देऊन लिहिण्याची मोकळीक त्या नियमांनीच दिलेली आहे. आज पुष्कळ लेखक निवेदनातही ‘केलं’, ‘गेलं’ असे लिहितात आणि ते खपतेही. प्रश्न ‘केले’ बरोबर की ‘केलं’ बरोबर हा नाही. आपल्या निवेदकाचा आवाज लिखित आहे की बोलता, हे लेखकाने ठरविले आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. ज्या दिवशी तुम्ही हे जाणूनबुजून ठरविले आणि अख्खी कथा त्या निर्णयाला धरून लिहिली, त्या दिवशी तुम्ही एक पायरी चढलात, मग ती कथा कोणी छापो वा न छापो.

तिसऱ्या खुणेवर मी जरा अधिक रेंगाळणार आहे, कारण तुम्ही वऱ्हाडातल्या आहात. तुमच्या पहिल्या कथेतील माणसे कोणती मराठी बोलतात? आमच्याकडे येणाऱ्या पहिल्यावहिल्या कथांमध्ये बहुधा असे दिसते की गाव विदर्भातले, पऱ्हाटी विदर्भातली, परंतु शेतकरी, त्याची बायको, सावकार आणि डॉक्टर हे सारे शाळेच्या पाठ्यपुस्तकातली भाषा बोलतात. त्यानंतर लेखकाला बोलीचा शोध लागतो आणि गडीमाणसे व म्हातारी माणसे तेवढी ‘काहून’, ‘मले’, ‘तुले’ असे बोलू लागतात, शिकलेली पात्रे मात्र प्रमाण मराठीतच राहतात. अशा कथेत बोली ही माणसाचा दर्जा दाखविणारी चिठ्ठी होऊन बसते, आणि मला तो टप्पा पहिल्यापेक्षाही अधिक खटकतो. खरी उडी त्याच्या पुढे आहे. एकच बाई सासूशी एका मराठीत बोलते, बँकेच्या खिडकीपाशी आपली बोली आवरून दुसऱ्या मराठीत बोलते, पुण्यात शिकणाऱ्या मुलीशी फोनवर तिसऱ्या मराठीत बोलते, आणि संताप अनावर झाला की त्या सर्व मराठी गळून पडून तिची मूळ भाषा उरते. विदर्भातल्याच उद्धव शेळके यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोली दारिद्र्याच्या आणि दुःखाच्या अत्यंत गंभीर चित्रणासाठी वापरली. ती बोली म्हणजे गंमत नव्हे, हे मराठी वाचकाला तिथे कळले. तुम्ही तर रोज खिडकीच्या अलीकडे बसून ही आवरलेली आणि अनावर झालेली भाषा ऐकता. ती तुमच्या कथेत कोणत्या वर्षी शिरली, हे वह्यांतून शोधून काढा. ते वर्ष तुमच्या छापून आलेल्या कथांच्या वर्षांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

आता त्या लाजेविषयी. जुने लेखन वाचून लाज वाटणे हे चांगले लक्षण आहे, असे पुष्कळजण सांगतात. मला ते अर्धेच पटते. लाज ही भावना आहे आणि ती चांगल्या लेखनाचीही वाटू शकते. लाजेच्या जागी दोषाचे नाव घेता येणे, हे ज्ञान आहे. ‘ही कथा भिकार आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘या परिच्छेदात निवेदक सुनेच्या मनातले सांगतो आणि पुढच्याच ओळीत सासूच्या मनात शिरतो, म्हणून वाचक कोणाच्याच जवळ राहत नाही’ असे तुम्ही समासात पेन्सिलीने लिहू शकलात, तर आपण काय शिकलो ते तुमच्याच हस्ताक्षरात तुमच्यासमोर येईल. त्याच वेळी आणखी एक काम करा, जे बहुतेक लोक करीत नाहीत : त्या कथेतील जे आज तुम्हाला लिहिता येणार नाही, त्याखाली रेघ मारा. पहिल्या कथांत कधीकधी एखादा तपशील असा निर्भय आलेला असतो की जाणत्या हाताने तो गाळलाच असता. वाढताना माणूस काही गमावतोही. काय गमावले हे ठाऊक असेल तर ते परत मिळविता येते.

छापून येण्याचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत दिवाळी अंकांची परंपरा चालू आहे आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. त्या प्रत्येकाची गरज वेगळी असते. एखाद्या अंकाला दोन हजार शब्दांचीच कथा हवी असते, एखाद्याला त्या वर्षीच्या विषयाशी जुळणारी हवी असते, एखाद्याची पाने जाहिराती आल्यावर कमी होतात. त्यामुळे छापून येणे आणि साभार परत येणे या दोन्हींतून तुमच्या लेखनाविषयी फारच थोडे कळते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे ‘सत्यकथे’चे संपादक लेखकांना कथेविषयी सविस्तर पत्रे लिहीत, पुनर्लेखन करायला लावीत, आणि अशा पत्रातून लेखकाला आपण कोठे उभे आहोत हे बाहेरून कळत असे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली. तेवढा वेळ देणारे संपादक आज अगदी थोडे आहेत, हे मी आमच्यासह सर्वांविषयी खेदाने लिहीत आहे. तरीही परत आलेल्या कथेसोबत एखाद्या संपादकाने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या असतील, तर त्या जपून ठेवा. छापील नकाराच्या दहा चिठ्ठ्यांपेक्षा त्या दोन ओळी कामाच्या असतात.

तुमच्या आजच्या कथा परत का येतात, याचे एक कारण मला संभवनीय वाटते आणि ते थोडे कठीण आहे. जुन्या कथा ज्या आधारांवर उभ्या होत्या, म्हणजे योगायोग, शेवटची कलाटणी, डोळ्यांत पाणी आणणारा मृत्यू, ते आधार तुम्ही सोडले असतील, परंतु त्यांच्याशिवाय कथा उभी करणे अजून पुरते साधलेले नसेल. या मधल्या टप्प्यातील कथा पूर्वीच्या कथांपेक्षा सखोल असूनही कमी वाचनीय असतात. संपादकाने ती परत केली तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, आणि तुम्ही ती लिहिली यात तुमचेही चुकलेले नाही. हा काळ लांबतो. पुष्कळ गुणी माणसे मी याच ठिकाणी लेखन थांबविताना पाहिली आहेत आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

पुढील वर्षासाठी एक प्रयोग सुचवितो. आपल्या नोकरीतला एक प्रसंग निवडा, उदाहरणार्थ पीककर्जाचे नूतनीकरण करायला आलेला आणि अंगठा उमटविण्यापूर्वी मुलाच्या तोंडाकडे पाहणारा शेतकरी. तो दोन पानांत लिहा, तारीख घाला आणि बाजूला ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, जुनी पाने न पाहता, तोच प्रसंग पुन्हा लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या असतील. दुसऱ्यात कदाचित बोटावरची शाई पुसायला त्याने काय वापरले ते असेल. तुम्ही आता संगणकावर किंवा मोबाईलवर लिहीत असाल तर प्रत्येक खर्डा तारखेसह वेगळा जतन करा. यंत्रावर खोडलेली ओळ मागमूस न ठेवता नाहीशी होते आणि तिच्याबरोबर तुमचा पुरावाही जातो.

प्रश्न : मी कोल्हापुरात महाविद्यालयात शिकतो. माझ्या कथा मी चार-पाच मित्रांना वाचून दाखवितो. सर्वजण ‘भारी’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वीही ‘भारी’ म्हणत होते आणि आजही म्हणतात. मग सुधारणा झाली की नाही हे कसे समजावे?
— एक विद्यार्थी वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्रांचे प्रेम खरे आहे, ते तसेच राहू द्या. फक्त ‘कशी वाटली?’ हा प्रश्न विचारणे सोडा, कारण त्याचे एकच उत्तर मित्र देऊ शकतात. कथा वाचून दाखविल्यावर दोन दिवसांनी एखाद्याला म्हणा, ‘ती गोष्ट मला सांग बघू.’ तो काय सांगतो, कोणते पात्र पार विसरतो, कोणता तपशील जसाच्या तसा आठवतो, ते लिहून ठेवा. दोन वर्षांपूर्वीची कथा त्याला ‘एका मुलीची, जिला फसवलं जातं’ एवढीच आठवत असेल आणि आजच्या कथेतील सायकलची उतरलेली चेन त्याला आपणहून आठवत असेल, तर ‘भारी’ या शब्दाने जे सांगितले नाही ते त्याच्या स्मरणशक्तीने सांगितले. वाचताना स्वतःकडेही लक्ष द्या. ज्या ओळीपाशी तुमचा आवाज आपोआप भरभर धावू लागतो, त्या ओळीवर तुमचाच विश्वास नसतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६७ आहे. शुद्धलेखन निर्दोष आहे, वाचनही भरपूर आहे. तीन वर्षांपासून आठवणीवजा लेख लिहितो. दोन संपादकांनी ‘निबंधासारखे वाटते’ असे कळविले. या वयात लेखनात वाढ होणे शक्य असते काय, की जे आहे त्यातच समाधान मानावे?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : शक्य असते, आणि मराठीत त्याचे फार मोठे उदाहरण आहे. लग्नानंतर पतीकडून अक्षरओळख करून घेतलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या तुमच्याच वयाच्या आसपास होत्या. त्यांच्या गद्याचे बळ शुद्धलेखनात नव्हते, समोर बसलेल्या माणसाला घडले तसे सांगण्यात होते.

तुम्हाला दोन वेगवेगळ्या संपादकांनी एकच गोष्ट सांगितली आहे, तेव्हा ती मनावर घ्यावी असे मला वाटते. तुमचा लेख मी पाहिलेला नाही, पण शिक्षकांच्या लेखनात मला वारंवार आढळलेली एक गोष्ट सांगतो. प्रसंग उत्तम रंगतो आणि शेवटच्या परिच्छेदात त्यापासून काय बोध घ्यावा हे सांगितले जाते. वर्गात ते आवश्यक होते. सर्व इयत्तांना तास संपण्यापूर्वी सार सांगण्याची तुमची तीस-पस्तीस वर्षांची सवय एका वर्षात जाणार नाही, आणि ती जाताना तुम्हाला लेख अर्धवट राहिल्यासारखे वाटेल. तसे वाटू लागले की समजा, काहीतरी हलते आहे. आपल्या तीन वर्षांतील लेख तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकाचा शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचा. त्यांपैकी ज्या लेखाला तो परिच्छेद नसला तरी काही उणे वाटत नाही, तो लेख त्या परिच्छेदाशिवाय आमच्याकडे पाठवा. मी तो स्वतः वाचून उत्तर देईन.